रविवारी पोर्टफोलिओ द्यायचाय आणि कथा पाचव्या खर्ड्यात गतप्राण

कोरंपान
नमस्कार मंडळी. बावीस वर्षं ताळेबंद जुळवण्यात गेली, यंदा हौसेनं सर्जनशील लेखनाच्या प्राथमिक कोर्सला नाव घातलं. आता शेवटचा पोर्टफोलिओ. एक कथा (१५०० शब्दांच्या आत), सोबत तिचा पहिला खर्डा, तीन कविता, एक ललित आणि स्वतःच्या लेखनप्रक्रियेवर ६०० शब्दांचं टिपण.

बाकीचं उरकलंय, घोडं अडलंय कथेशी. नवरा गेल्यावर बाई त्याचं कपाट आवरते, एवढीच गोष्ट. पहिला खर्डा १८४० शब्दांचा. वर्गात वाचला तर नऊ जणांच्या नऊ सूचना. एकीला कथेत मुलगा हवा होता, एकाला कपाटात पत्र सापडायला हवं होतं. मी गुणी विद्यार्थिनीसारखं सगळ्यांचं ऐकलं. आता मुलगा आहे, पत्र आहे आणि मलाच ती वाचवत नाही. पहिलाच खर्डा दामटून देऊ का? आणि टिपणात लिहायचं तरी काय? माझं सध्या आभारप्रदर्शन झालंय.

खोडरबर
जसाच्या तसा नका देऊ. खर्डा सोबत मागितलाय तो दोन्हींत काय हललं ते बघायलाच. नुसते ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत तर लगेच कळेल. पण पाचव्याचीही मलमपट्टी करत बसू नका, पहिल्याकडेच परत जा.

माझा अनुभव असा की ऐकणारा कुठे अडखळला ते खरं मानावं, त्याचा उपाय मात्र घेऊ नये. मुलगा मागणारी आणि पत्र मागणारा, दोघांना बहुतेक एकाच जागी पोकळ वाटलं असणार. ती जागा इथे टाका बघू.

कोरंपान
शेवटाच्या जरा आधी आहे. लाज वाटतेय, पण घ्या:
“तिच्या डोळ्यांत अथांग दुःख दाटून आलं. आता हे कपाट कायमचं रिकामं राहणार, या विचारानं तिचं काळीज चिरलं गेलं.”

खोडरबर
सापडलं! काळीज चिरल्याची बातमी तुम्ही देताय, बाई मात्र हात बांधून उभी आहे. आवरतेय ना ती? मग हातात काय आहे तिच्या?

नववंअक्षर
मध्येच तोंड घालतो. कविता ‘उरकल्या’ म्हणताय, पण अष्टाक्षरी असेल तर एकदा बोटांवर मोजा, जोडाक्षर एकच धरून. माझ्या पोर्टफोलिओत ‘घरातून कोण गेले ते’ अशी ओळ होती. नऊ अक्षरं! तो ‘ते’ निव्वळ उपरा, आणि मला दिसला कधी, तर देऊन झाल्यावर.

टिपणात कुणाचे आभार नकोत. काय काढलं आणि का काढलं, तेवढं लिहा. फसलेला पाचवा खर्डा हे तर आयतं घबाड आहे, तो लपवू नका.

अजून एक. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये ठेवा, पीडीएफ करा आणि ती दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. कवितेच्या ओळी मध्येच तुटतात त्या तिथे कळतात.

कोरंपान
दोन रात्री बसले. मुलगा गेला, पत्र गेलं. पहिल्या खर्ड्यातलं सुरुवातीचं दीड पानही गेलं. त्यात मी नुसतं घर दाखवत फिरत होते. कपाट उघडतं तिथूनच आता कथा सुरू होते. काळजाच्या जागी हे आलं:

“तिनं शर्टाच्या खिशातली चिल्लर पलंगावर ओतली. मोजली. पुन्हा मोजली. मग परत त्याच खिशात टाकून शर्ट हँगरला लावला.”

हिशेबनीस बाईला दुसरं काय सुचणार म्हणा! १३६२ शब्द भरले. टिपणात मुलाला घरातून का काढलं एवढ्यावरच २०० शब्द झालेत. आणि हो, नववंअक्षर, माझ्याही एका ओळीत नऊच निघाली. तिथेही ‘ते’च होतं.

खोडरबर
‘पुन्हा मोजली’ला हात लावू नका. कुणी कितीही सांगितलं तरी.