दालन पोरांचं की पाहुण्यांचं? (आणि त्या पद्मपाणीला जरा सुट्टी द्या)

जुना जीडी
काल इथं एकानं लिहिलं, की विद्यापीठाच्या कलादालनातलं विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन दोन दिवसांत गुंडाळावं आणि उरलेलं वर्ष बाहेरच्या नामवंत चित्रकारांना द्यावं. कारण काय? "पोरांचं तेच ते. अजिंठ्याचा पद्मपाणी, बिबीचा मकबरा आणि पैठणीतली बाई." रात्री वाचलं, मग झोप लागली नाही.

दोन दिवस म्हणजे काय ते आम्हाला विचारा. माझ्या शेवटच्या वर्षाला आमचं प्रदर्शन तीन दिवसांचं होतं. (कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही, अजून तिथं ओळखी आहेत.) पहिला दिवस उद्घाटनात गेला. दुसरा दिवस रविवार, दालनाला कुलूप. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनलाच शिपाई म्हणाला, चित्रं उतरवा, उद्या चर्चासत्राचं जेवण इथंच मांडायचंय. वडील गावाहून एसटीनं चारला पोचले. भिंतीवर खिळे होते, आणि चित्रं होती तिथं धूळ न बसलेले चौकोन. ते बराच वेळ बघत उभे राहिले, मग म्हणाले, "लई स्वच्छ ठेवलंय बघ." अजून एक दिवस कमी करा, म्हणजे खिळे ठोकायचे कष्टही वाचतील.

रेघोट्या
ती पोस्ट माझी. वडिलांचं वाचून वाईट वाटलं, पण तो दोष कुलपाचा आहे, पाहुण्यांचा नाही.

मराठवाड्यातल्या पोराला अस्सल काम बघायला कुठं मिळतं? देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात रात्र काढायची, मुंबईत जहांगीर गॅलरी उघडायची वाट बघत काळा घोड्याच्या फुटपाथावर बसायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. मी असं चार वेळा केलंय. मग एकदा आमच्या दालनात बाहेरच्या एक बाई एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवरून छापलेली चित्रं, घेऊन आल्या. प्रदर्शन लावून निघून गेल्या नाहीत. आठवडाभर थांबल्या, आम्हाला झिंकची प्लेट घासायला लावली. प्लेटवरची जादा शाई शेवटी तळहातानं पुसतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांचा काळा झालेला हात बघितला तेव्हा ते मला कळलं. पाच वर्षांत शिकलो नाही ते त्या आठवड्यात शिकलो.

खडूफळा, नांदेड
असे पाहुणे शंभरात एक. बाकीचे काय करायलेत ते मी बघायलोय. शाल, श्रीफळ, पाऊण तास भाषण, "तुमच्या मातीतच कला आहे" म्हणायचं आणि संध्याकाळची गाडी गाठायची. पोरं मागं खुर्च्या लावायलेत. अहो, मातीत कला असेल तर शाळेत चित्रकलेचा शिक्षक का नाही? आमच्याकडं एक जण तासिकेवर, दोन शाळा मिळून. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना पोरं बसतात ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी. त्यांना पुढं रंग धरायचा असतो असा तुमचा समज आहे का?

रेघोट्या
सर, विषय दालनाचा आहे, शिक्षक भरतीचा नाही.

खडूफळा, नांदेड
विषय तोच आहे. तुम्हाला दिसंना झालंय एवढंच.

काळा कोळसा
मला पद्मपाणीबद्दल बोलायचंय. नक्कल केली म्हणून एवढं हिणवायचं? रॉबर्ट गिल नावाचा इंग्रज लष्करी साहेब १८४४ पासून अजिंठ्याला मुक्काम ठोकून फ्रेस्कोच्या नकलाच करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचा मास्तर ग्रिफिथ्स तिथली पोरं घेऊन बसला, वर्षानुवर्षं. त्यांचंही बरंच काम १८८५ ला लंडनलाच जळालं. म्हणजे ज्या नकला लंडनच्या म्युझियमनं ठेवून घेतल्या, ते विद्यार्थ्यांचंच काम होतं ना? तिथं कुणी म्हणालं नाही, की पोरांचं तेच ते.

सुका गिलावा
फ्रेस्को नाही हो. किती वेळा सांगायचं? फ्रेस्को ओल्या चुन्यावर करतात. अजिंठ्याला मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंक-सरसात कालवलेला रंग. हे टेम्परा. आणि नकलांचं फार कौतुक नको. चित्रं उठून दिसावीत म्हणून त्याच मंडळींनी वॉर्निश फासलं. पुढं निजामानं १९२० ला इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी लाखेचा थर दिला. तो पिवळा पडला. आज पद्मपाणी जो काळपट सोनेरी दिसतो त्यात या थरांचाही वाटा आहे. आणि आपली पोरं तोच पिवळेपणा इमानेइतबारे रंगवतात!

काळा कोळसा
झालं, आले मास्तर. मुद्दा काय, चाललंय काय. फ्रेस्को म्हटलं तर आभाळ कोसळलं का?

सुका गिलावा
कलेच्या विद्यार्थ्यानं म्हटलं तर कोसळतं. सुताराला साग आणि बाभळीतला फरक कळू नये असं आहे हे.

काळा कोळसा
तुमच्यासारख्यांमुळंच पोरं दालनात पाय ठेवत नाहीत. आत गेलं की कुणीतरी परीक्षा घेतंय.

जुना जीडी
भांडा, पण चित्रकार नंदलाल बोसांना विसरू नका. १९०९ ला हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार बाईंनी अजिंठ्याच्या नकलांसाठी जी तरुण मंडळी जमवली त्यात ते होते, २७ वर्षांचे. हैदराबादचे सय्यद अहमदही होते. नक्कल करूनच पुढं गेली ही माणसं.

रेघोट्या
ते लेण्यात बसून करत होते, जीडी. अंधारात, वटवाघळांच्या वासात, महिनोन्‌महिने. आपली पोरं मोबाइलवर फोटो काढतात, ग्रिड टाकतात, खाली सही ठोकतात. संभाजीनगरहून अंतर किती? शंभरेक किलोमीटर. फर्दापूरला गाडी लावा, बस पकडा, पहिलंच लेणं. तेवढंही होत नाही.

पिवळी माती
इतका वेळ गप्प होते. यंदाच्या प्रदर्शनातली दारासमोरची मोठी पद्मपाणी माझी.

हो, फोटोवरूनच केली. लेणं दोनदा बघितलंय. आत लाईट मंद, फ्लॅश बंद, मागं माणसांची रांग आणि कठड्यापाशी चार मिनिटं उभं राहिलं की "पुढं चला". तिथं ईझल लावू देतं का कुणी आता?

ती पद्मपाणी एका हॉटेलच्या लॉबीसाठी होती, प्रदर्शनात आधी टांगली. नऊ हजार मिळाले. तीन हजार फ्रेम-काचेला गेले, उरलेले होस्टेलला. माझी खरी कामं वेगळी आहेत. आई-मावशी गोधडी शिवतात तेव्हा जुन्या लुगड्याच्या काठाची जी चिरगुटं उरतात त्यांचे कोलाज, सोळा. त्यातलं एकच लागलं, तेही खांबाच्या मागं, कारण मधली भिंत पाहुण्यांच्या कॅनव्हाससाठी राखून ठेवली होती. दोन्ही प्रदर्शनं एकाच आठवड्यात घेतली ना. रेघोट्या सर, तुम्ही खांबाच्या मागं गेला होतात का?

रेघोट्या
नाही. दारातूनच पद्मपाणी दिसली आणि मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. चूक झाली. पण एक सांगतो, तुम्हीच ती दारासमोर लावलीत.

पिवळी माती
मी नाही लावली. सरांनी लावली. "उद्घाटनाच्या फोटोत चांगली येईल" म्हणाले.

खडूफळा, नांदेड
बघा. म्हणूनच मी म्हणायलो होतो.

सुका गिलावा
ती लुगड्याची कामं बघायला आवडतील. कशावर चिकटवलीत, फेव्हिकॉल असेल तर पाण्यात किती पातळ केलंत? आणि काळा कोळसा, नकलांबद्दल तुमचं पूर्ण चूक नाही. फ्रेस्को मात्र चूकच.

काळा कोळसा
उपकार झाले.

जुना जीडी
रेघोट्या, त्या एचिंगवाल्या बाईंसारखा पाहुणा येणार असेल तर महिनाभर दालन द्या, माझी हरकत नाही. पण तो महिना पोरांच्या पंधरा दिवसांतून कापायचा नाही. आणि दालन रविवारी उघडं पाहिजे. गावाकडची माणसं रविवारीच येतात.

रेघोट्या
पंधरा कुठून आले? आत्ता तीन आहेत.

जुना जीडी
मागायला काय जातंय.

पिवळी माती
खळ वापरली, मैद्याची, मोरचूद घालून. फेव्हिकॉल नाही. आणि कुणाला माहिती आहे का, टांगायची बारीक पिळाची तार गुलमंडीत मिळते का? मागच्या वेळी सुतळी लावली होती, एक चित्र रात्रीतून खाली आलं.

खडूफळा, नांदेड
हार्डवेअरच्या दुकानात विचारा. आणि दोन खिळे मारा, एक नको.