मदत हवी आहे : ‘तुंबाडचे खोत’चं आशयसूत्र नेमकं कसं मांडू?

नमस्कार मंडळी. दापोलीतल्या आमच्या वाचनगटासाठी श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवर (१९८७, दोन खंड) टिपण लिहायला घेतलंय. दोन्ही खंड वाचून झालेत, त्यामुळे कथानकाचा सारांश नको.

‘खोती घराण्याचा ऱ्हास’ (खोत म्हणजे कोकणात गावाचा शेतसारा वसूल करणारे वतनदार) असं एका ओळीत लिहिता येतं, पण तो विषय झाला. ऱ्हासाबद्दल कादंबरी काय म्हणते, ते मला पकडायचंय. चार पिढ्यांच्या तक्त्यात प्रत्येक पिढीचं जमिनीशी आणि कुळांशी (ती जमीन कसणाऱ्यांशी) असलेलं नातं मांडून पाहिलं. सत्ता सैल होत जाते हे त्यातून स्पष्ट दिसतं. मग जगबुडी नदीचे उल्लेख वेगळे काढले, आणि तिथेच अडलोय. काही ठिकाणी नदी नुसती पार्श्वभूमी वाटते, काही ठिकाणी माणसांच्या उन्मादाला आणि नशिबाला तीच आकार देते असं वाटतं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो, म्हणून घाईने ‘नदी म्हणजे काळ’ असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

खोती कायद्याने रद्द झाली ती १९४९च्या कायद्यामुळे, हा इतिहास माहीत आहे. तो दोन वाक्यांत आटोपेन. टिपण हजार शब्दांचं हवं आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांनी कादंबरी वाचलेली नाही, त्यामुळे समीक्षेची जड परिभाषा चालणार नाही.

एखादी प्रतिमा खरोखर आशय वाहतेय की तो अर्थ आपणच तिच्यावर लादतोय, हे संहितेतल्या कोणत्या खुणांवरून ठरवता? आणि जगबुडीच्या बाबतीत तुम्ही कोणते प्रसंग पुरावा म्हणून घ्याल?