सिनेमे भाड्याने: टपालाने, दुकानातून की मंडळाच्या पेटीतून?

प्रेषक: केटीकर
दिनांक: २७ जानेवारी २००७
विषय: सिनेमे भाड्याने कुठून आणता?

नमस्कार मंडळी,

आम्ही गेल्या ऑक्टोबरात ह्यूस्टनला, केटी ह्या उपनगरात राहायला आलो. मार्चमध्ये पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत आहेत. आम्ही दोघंही नोकरीवर जातो, आणि गाडी चालवल्याशिवाय ह्या शहरात कुठेही जाता येत नाही, त्यामुळे दुपारभर ती दोघं घरातच असतील. बाबांना जुने हिंदी सिनेमे प्रिय, आईला मराठी. मुलगी सात वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, पण पात्रं भरभर बोलायला लागली की धागा सुटतो, तेव्हा सबटायटल्स असतील तर आजीबरोबर बसून बघेल.

नेटफ्लिक्स आणि ब्लॉकबस्टर ह्या टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दोन्ही कंपन्यांचे तीन डिस्कवाले (एका वेळी तीन डिस्क घरी) प्लॅन महिना १७.९९ डॉलरचे दिसतात. मग निवडायचं कशावरून? की हिलक्रॉफ्ट रस्त्यावरच्या भारतीय दुकानांतून आणणं स्वस्त पडतं? अनुभव कळवावेत.

---

प्रेषक: शुगरलँडकर
दिनांक: २८ जानेवारी
विषय: उत्तर: सिनेमे भाड्याने कुठून आणता?

केटीकर, शहरात स्वागत. आई-बाबांना इथल्या मराठी मंडळात जरूर घेऊन या.

महिन्याचा आकडा बाजूला ठेवा. घरात महिन्याला किती सिनेमे खरोखर बघून होतात ते आधी ठरवा, मग भागाकार करा. आठवड्याला तीन बघितलेत तर महिन्याचे बारा, म्हणजे १७.९९ मध्ये एक सिनेमा दीड डॉलरला पडला. तेच महिन्यात चारच बघितलेत तर एकेकाला साडेचार डॉलर मोजलेत. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा सिनेमा चार डॉलरच्या आसपास देऊन आणलेला परवडला. नोकरीवाल्या जोडप्याला ९.९९ चा एका डिस्कचा प्लॅन पुरतो. पण तुमच्याकडे दोन माणसं दिवसभर घरी असणार, म्हणून तुमचं गणित वेगळं.

नेटफ्लिक्सची पद्धत अशी. वेबसाइटवर सिनेमांची यादी लावून ठेवायची, तिला क्यू म्हणतात. वरच्या तीन डिस्क लाल पाकिटांतून घरी येतात. बघून झालेली डिस्क त्याच पाकिटात घालून आपल्याच टपालपेटीत ठेवली की पोस्टमन घेऊन जातो. जातायेताचं टपाल कंपनी भरते, परतीची तारीख नाही, दंड नाही. इथे सोमवारी टाकलेली डिस्क मंगळवारी त्यांच्याकडे पोचते आणि बुधवारी बहुधा पुढची हातात असते. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी ह्याहून सोयीचं मला तरी काही माहीत नाही. क्यू मात्र तुम्ही रात्री बाबांना जवळ बसवून लावा. नावं रोमन लिपीत असतात आणि एकाच सिनेमाचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी सापडतं.

ब्लॉकबस्टर आपल्या टेक्सासचीच कंपनी, १९८५ साली डॅलसला सुरू झालेली. त्यांनी गेल्या नोव्हेंबरपासून टोटल ॲक्सेस काढलं आहे. टपालाने आलेली डिस्क दुकानात नेऊन दिली की तिच्या बदल्यात तिथला एक सिनेमा फुकट मिळतो, आणि टपालातली पुढची डिस्कही निघते. दुकान कामावरून येण्याच्या वाटेवर असेल तर त्याच १७.९९ मध्ये जवळजवळ दुप्पट सिनेमे होतात, इतका हा सौदा चांगला आहे. फक्त दुकानातून बदलून आणलेल्या सिनेमाला दुकानाची मुदत लागू होते. २००५ पासून दंड नाही अशी जाहिरात आहे खरी, पण मुदत उलटून आठवडा गेला की तो सिनेमा तुम्ही विकत घेतला असं धरून कार्डावर किंमत लावली जाते. पुढे महिन्याभरात परत केलात तर पैसे मिळतात, सव्वा डॉलर कापून. ह्यावरून चाळीसहून अधिक राज्यांशी त्यांना तडजोड करावी लागली होती. घरात वस्तू इकडची तिकडे होत असेल तर हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट कोणी जाहिरातीत सांगत नाही. टपालवाल्या कंपनीला प्रत्येक फेरीचा खर्च येतो. पहिल्या वर्गाच्या टपालाचं तिकीटच ३९ सेंटचं आहे, ते दोन्ही बाजूंनी आलं. म्हणून महिन्याला फार डिस्क फिरवणाऱ्या ग्राहकाच्या आधी कमी फिरवणाऱ्याला डिस्क दिली जाते. नेटफ्लिक्सने जानेवारी २००५ पासून हे आपल्या अटींतच लिहिलं आहे. जाहिरातीतल्या ‘अमर्यादित’ ह्या शब्दावर फार भिस्त ठेवू नका.

ह्याच महिन्यात नेटफ्लिक्सने संगणकावर थेट सिनेमा बघायची सोयही जाहीर केली आहे. सध्या हजारेक सिनेमे, फक्त विंडोजवर, १७.९९ च्या प्लॅनला महिन्याला १८ तास, आणि सगळ्या ग्राहकांपर्यंत ती हळूहळू पोचणार आहे. आई-बाबांना टीव्हीसमोर आरामात बसायचं असेल, त्यामुळे ह्यावर आत्ता काही ठरवू नका.

माझं मत: बाबांसाठी नेटफ्लिक्सचा तीन डिस्कवाला. त्यांच्याकडे सत्तर हजारांवर डीव्हीडी आहेत आणि जुने हिंदी सिनेमे भरपूर. करार नाही, आई-बाबा परत गेले की बंद करा. मराठीसाठी मात्र दोन्हीकडे निराशा आहे. शोधून बघा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील.

---

प्रेषक: क्लियर लेकहून
दिनांक: २८ जानेवारी
विषय: उत्तर: सिनेमे भाड्याने कुठून आणता?

शुगरलँडकर काकांनी वाचनालयाचं नावच घेतलं नाही, म्हणून लिहिते.

हॅरिस काउंटीच्या वाचनालयाची केटीला शाखा आहे. कार्ड फुकट. डीव्हीडी ऑनलाइन मागवून ठेवली की ती दुसऱ्या शाखेतून आपल्या शाखेत येते आणि मुदतीत परत केली तर एक पैसा पडत नाही. मुलांचे सिनेमे, माहितीपट, जुने इंग्रजी सिनेमे, आणि थोडे हिंदीसुद्धा. लोकांनी मागणी केली की वाचनालय विकत घेतं, त्यासाठी छापील अर्ज असतो. आपण मराठी माणसं तो भरत नाही आणि मग मराठी काही मिळत नाही म्हणून हळहळतो. ह्या ई-मेल यादीवरच्या प्रत्येक घराने आपापल्या शाखेत एकेक अर्ज भरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता हिलक्रॉफ्ट. दुकानांत सिनेमा दीड-दोन डॉलरला मिळतो, पण केटीहून ते एका बाजूने पंचवीसेक मैल आहे. जाऊन-येऊन दोन गॅलन पेट्रोल, म्हणजे आजच्या भावाने चार डॉलर. शिवाय परत करायला पुन्हा तेवढंच. किराणा आणायला दर शनिवारी जात असाल तर तो खर्च किराण्यात जातो आणि दुकान स्वस्त पडतं. नुसत्या सिनेमासाठी कधीच जाऊ नये.

पण पैशांहून मोठा मुद्दा दुसरा आहे. तिथल्या एका दुकानातून आम्ही आणलेली मराठी डिस्क साध्या कोऱ्या डीव्हीडीवर उतरवलेली होती, वर स्केचपेनने नाव. चित्र धूसर, शेवटची वीस मिनिटं गायब. सासूबाई दोन तास बघत बसल्या आणि शेवट कळलाच नाही. अशी डिस्क आपण एक डॉलरला घेतो तेव्हा ज्यांनी तो सिनेमा काढला त्यांच्यापर्यंत काहीही पोचत नाही. मराठी निर्माता मुळात थोडक्या पैशांत सिनेमा करतो. २००४ साली ‘श्वास’ हा आपला मराठी सिनेमा भारतातर्फे ऑस्करला आला तेव्हा त्याच्या प्रचारासाठी घरोघरच्या माणसांनी, शाळेच्या मुलांनीसुद्धा पैसे जमवले. त्याच भाषेच्या सिनेमाची चोरटी प्रत आपण भाड्याने आणायची, हे मला पटत नाही. अस्सल डिस्कच आणा, नसेल तर नका आणू.

---

प्रेषक: मेडिकल सेंटरहून (विद्यार्थी)
दिनांक: २९ जानेवारी

माझ्याकडे गाडी नाही, त्यामुळे मी रेडबॉक्स वापरतो. मॅकडोनाल्ड्समधलं लाल यंत्र. एका रात्रीचा एक डॉलर, त्यावर सव्वाआठ टक्के कर. कार्ड सरकवायचं, डिस्क बाहेर येते, दुसऱ्या दिवशी परत करायची. विसरलं की रोज एकेक डॉलर वाढत जातो. नवे हॉलीवूड सिनेमे तेवढे मिळतात, आपल्याकडचं काही नाही. केटीकरांच्या आई-बाबांना उपयोग नाही, पण शुक्रवारी रात्री पटकन काही बघायचं असेल तर ह्याहून स्वस्त काही नाही.

---

प्रेषक: केटीकर
दिनांक: ३० जानेवारी

सर्वांचे मनापासून आभार. बाबांचा प्रश्न सुटला, आणि वाचनालयाचं कार्ड ह्या शनिवारीच काढतो.

मराठीचं राहिलं. आई म्हणते की पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर मराठी सिनेमांच्या व्हीसीडी अगदी स्वस्तात मिळतात, ती बॅगेतून आणेल. इथल्या प्लेयरवर चालतील का? आणि बघून झाल्यावर मंडळात कोणाला हव्या असतील तर देऊ.

---

प्रेषक: शुगरलँडकर
दिनांक: ३० जानेवारी

आईंना आजच फोन करा, आणि शक्य तिथे व्हीसीडीऐवजी डीव्हीडी घ्यायला सांगा.

व्हीसीडीत एक सिनेमा दोन डिस्कवर असतो, चित्र जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या दर्जाचं, आणि सबटायटल्स चालू-बंद करता येत नाहीत. असली तर चित्रातच छापलेली असतात, बहुतेक मराठी व्हीसीडींवर नसतातच. म्हणजे नातीचा प्रश्न तसाच राहतो. अमेरिकन प्लेयरपैकी बरेच व्हीसीडी वाचतात, काही वाचत नाहीत.

डीव्हीडी घेताना मागच्या बाजूला दोन गोष्टी बघायच्या. पहिली, प्रदेशाचा आकडा. अमेरिका १, भारत ५. पाचचा शिक्का असेल तर इथला साधा प्लेयर ती डिस्क घेणार नाही. ‘ऑल’ किंवा ० असेल तर चालते, आणि भारतातल्या पुष्कळ डिस्क तशा असतात. दुसरी, टीव्हीच्या चित्राची पद्धत, पाल की एनटीएससी. भारतात पाल, इथे एनटीएससी. पाल डिस्क इथल्या बहुतेक टीव्हींवर नीट दिसत नाही, संगणकावर मात्र दिसते. दोन्ही पद्धती वाचून टीव्हीला हवं तसं चित्र देणारा प्लेयर मिळतो, फार महाग नसतो. सहा महिने दोन माणसं रोज वापरणार असतील तर तो घ्याच. एकदाचा खर्च आहे आणि पुढे तुमच्या सगळ्या मराठी डिस्क त्याच्यावर चालतील.

---

प्रेषक: खजिनदार
दिनांक: १ फेब्रुवारी
विषय: मंडळाची मराठी डीव्हीडी पेटी

ही चर्चा मी समितीसमोर ठेवली. मराठी सिनेमा भाड्याने देणारं रीतसर कोणी ह्या शहरात नाही, ते काम मंडळाने करावं असं मला वाटतं. पुस्तकांची पेटी आहेच, तिच्याशेजारी डीव्हीडींची ठेवू.

कायद्याचं आधी बघितलं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे रीतसर विकत घेतलेली प्रत मालकाला पुन्हा विकता येते, उसनी देता येते. गाण्यांच्या रेकॉर्ड भाड्याने देण्यावर १९८४ साली वेगळी बंदी आली, सिनेमांवर आली नाही. भाड्याचा हा सगळा धंदा ह्याच आधारावर उभा आहे. मात्र परदेशात छापलेल्या आणि आपण स्वतः आणलेल्या प्रतींना वेगळं कलम लागतं. सामानातून घरापुरती आणलेली प्रत चालते, संस्थेने त्या साठवून वाटायच्या म्हटलं तर प्रश्न उभे राहू शकतात. तेव्हा केटीकरांच्या आईंनी आणलेल्या डिस्क त्यांच्याच घरी राहू द्या, तिथे जाऊन बघायला आम्हाला आवडेल. पेटीत फक्त अमेरिकेतल्या वितरकाकडून, पावतीसह घेतलेल्या डिस्क येतील. उतरवलेली एकही प्रत पेटीत येणार नाही. क्लियर लेकच्या वहिनींचं म्हणणं समितीला पूर्ण मान्य आहे.

दुसरं. गेल्या वर्षी काहींनी सुचवलं होतं की भाड्याची डिस्क आणून हॉलमध्ये सगळ्यांना दाखवू. ते करता येणार नाही. घरी बघायची परवानगी आणि सभागृहात दाखवायची परवानगी वेगळी. तिकीट नसलं तरी सार्वजनिक प्रदर्शनच ठरतं. हॉलमध्ये दाखवायचा असेल तेव्हा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना लिहून, पैसे देऊन दाखवू. मराठी निर्माते ह्याला आनंदाने तयार होतील अशी माझी खात्री आहे.

भाडं घेणार नाही. प्रत्येक घराने वर्षाला दहा डॉलर द्यावेत, त्यातून नव्या डिस्क घेऊ. एका वेळी एका घराला दोन, मुदत पुढच्या मासिक कार्यक्रमापर्यंत. घरी आजी-आजोबा पाहुणे असतील त्यांना चार. ज्यांना गाडी नाही त्यांच्यापर्यंत डिस्क पोचवायला केटी, शुगर लँड, क्लियर लेक आणि मेडिकल सेंटर ह्या भागांतून एकेक जण हवा आहे.

---

प्रेषक: क्लियर लेकहून
दिनांक: १ फेब्रुवारी

क्लियर लेकचं माझ्याकडे. पहिल्या खरेदीत सबटायटल्स असलेल्या डिस्कच घ्याव्यात, किमती थोड्या जास्त असल्या तरी. आपल्या मुलांनी हे सिनेमे बघावेत म्हणूनच तर हे सगळं करायचं.

---

प्रेषक: केटीकर
दिनांक: २ फेब्रुवारी

केटीचं आम्ही घेतो, दहा डॉलरचा चेक आज टपालात टाकला आहे. आईला डीव्हीडींचं सांगितलं. दुकानात जाऊन मागचा शिक्का बघूनच घेईन म्हणाली, आणि आकडे वहीत लिहून घेतले. खजिनदार काका, वितरकांची नावं मिळाली की कळवा. मी त्यांच्या याद्या एकत्र करून कुठल्या डिस्कवर सबटायटल्स आहेत ते तपासून ह्याच पत्त्यावर पाठवतो.