सोसायटी ग्रुप : गेटवरची तपासणी

मेधा बी ३०२: आज मंगलमावशींना गेटवर पिशवी उलटी करायला लावली. जेवणाचा डबा, नातवाचं औषध, सगळं टेबलावर. लोक येता-जाता बघत होते. धायरीहून पहिल्या बसने येणारी बाई! हा नियम नाही, डिस्टोपिया आहे.

सेक्रेटरी: मेधाताई, सभेत ठरलंय. आपण नव्हता. शब्द जपून वापरा ही विनंती 🙏

अथर्व ए ५०१: डिस्टोपिया म्हणजे अपचन ना? 😄

काळेकाकू बी १०१: ते डिस्पेप्सिया रे. ओवा खा.

शिंदे ए १०४: टँकरच्या बिलाचं काय झालं?

गिरीशसर बी ४०४: दोन्हीतला 'डिस' एकच, ग्रीक, म्हणजे वाईट. आपल्या दुष्काळ, दुर्दशामधल्या 'दुस्'चा सख्खा भाऊ. टोपोस म्हणजे जागा. थॉमस मोरने १५१६ मध्ये 'यूटोपिया' लिहिलं, म्हणजे कुठेच नसलेली जागा. मग १८६८ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने ब्रिटिश संसदेत सरकारच्या आयर्लंडच्या धोरणावर टीका करताना म्हटलं, यांना यूटोपियन म्हणणं म्हणजे कौतुकच होईल. यूटोपिया इतका चांगला असतो की जमत नाही, यांना हवं ते इतकं वाईट आहे की जमणार नाही. म्हणून डिस्टोपियन.

अथर्व ए ५०१: सर, नेटवर १७४७ दाखवतंय.

गिरीशसर बी ४०४: शब्द तेव्हाही छापलाय, स्पेलिंग वेगळं. राज्यकारभारावर रोखला तो मिलने. त्याच भाषणात 'कॅकोटोपिया'ही म्हणाला, अर्थ तोच, वाईट जागा. तो शब्द बेंथमचा. एकाच पहारेकऱ्याला सगळ्या कोठड्या दिसाव्यात असा तुरुंग आखणारा तोच बेंथम.

सेक्रेटरी: सर, हा ग्रुप सोसायटीच्या कामापुरता आहे.

मेधा बी ३०२: कामाचंच चाललंय. मिलसुद्धा भर सभेतच बोलला होता.

काळेकाकू बी १०१: माझ्या बांगड्या गेल्या तेव्हा कुणी ग्रीक काढलं नव्हतं. तपासणी मीच मागितली होती.

मेधा बी ३०२: काकू, बांगड्या गेल्या त्याचं वाईट मलाही वाटतं. पण गेल्या तेव्हा मावशी गावी होत्या, तुम्हालाही माहीत आहे.

शिंदे ए १०४: टँकरच्या बिलाचं काय झालं?

सेक्रेटरी: शिंदेसाहेब, तिसऱ्यांदा सांगतोय, रविवारी. मेधाताई, लेखी अर्ज द्या.

मेधा बी ३०२: आज देते. सगळ्यांच्या पिशव्या तपासा, माझीही. नाहीतर कुणाचीच नको. सही कोण करतंय?

गिरीशसर बी ४०४: माझी धरा.

अथर्व ए ५०१: आमच्या घरच्या दोन. संध्याकाळी खाली येतो.

काळेकाकू बी १०१: अर्ज आधी वाचायला पाठव. मग बघते.