‘क्लायमॅक्स’ ग्रुपमध्ये बघावा का? (शेवट फोडू नका)

घुंगरू_ते_हिपहॉप
आमचा आठ जणांचा डान्स ग्रुप, कॉलेज रोडला प्रॅक्टिस. ३१ डिसेंबरला मखमलाबादला एकीच्या मळ्यात रात्रभर मुक्काम आहे. गास्पार नोएचा ‘क्लायमॅक्स’ (२०१८) लावायचं ठरलंय, कारण सुरुवातीच्या नाचाची क्लिप सगळ्यांना पाठ आहे. परवा मी एकटीनं पूर्ण बघितला आणि रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेवून झोपले. भूत नाही, खुनी नाही, मग एवढी टरकले कशाला? त्यात दोघं जण त्या रात्री पिक्चरमधल्यासारखी सांग्रिया (फळं घातलेली वाइन) करणार म्हणतायत (नाशिकला वाइनला काय तोटा). लावू की नको?

मास्टर_डाऊन
ताई, मी साउंडवाला. हळदी, गॅदरिंग, गणपती, वीस वर्षं हेच. त्यामुळे हा पिक्चर मला डोळ्यांआधी कानाला लागला. गाणं थांबतच नाही. माणसं रडतायत, एकमेकांच्या अंगावर जातायत आणि खाली बेस आपला चालूच. आमच्या धंद्यात राडा झाला की पहिलं काम, मास्टर (सगळ्या आवाजाची मुख्य कळ) खाली ओढायचा. आवाज गेला की निम्मी माणसं भानावर येतात. पिक्चरमधले डान्सर ज्या रिकाम्या शाळेत रात्री पार्टी करतात, तिथे कोणी ओढतच नाही. मला दोनदा वाटलं, उठून आपणच ओढावा.

नाच खरा वाटतो कारण बहुतेक जण खरेच डान्सर आहेत. पंधरा दिवसांत शूटिंग उरकलंय, गोष्ट मोजक्याच पानांची होती.

पण टरकायचं कारण वेगळं. सांग्रियात कोणीतरी एलएसडी (भास घडवणारं ड्रग) घातलंय हे कळल्यावर ती मंडळी काय शोधतात? कोण प्यायलं नाही ते. एक जण धर्मामुळे पीत नाही, एक बाई पोटुशी आहे म्हणून. झालं, त्यांच्यावरच तुटून पडतात.

हे मी भोगलंय. काही वर्षांपूर्वी रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या मारून आम्ही अकरा जण गंगापूर धरणाकडे एका मळ्यात गेलो. थंडाई होती, स्टीलच्या पिंपात, ओगराळ्यानं वाढायची. कोणीतरी न सांगता भांग घातलेली. पोटात गेलेली भांग तासभर गप्प बसते. त्यामुळे ‘काय होत नाय रे’ म्हणत गड्यांनी तीन-तीन ग्लास रिचवले. मला दूध सोसत नाही आणि गाडीही मलाच चालवायची होती. मी ताक प्यायलो.

संध्याकाळी एक जण स्वतःचे हात बघून हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. दुसरा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पहिलीपासूनचा दोस्त. तोंड पिवळंजर्द, फक्त डोळ्यांभोवती धुतलेलं. म्हणाला, ‘ह्यानं घेतली नाय. ह्यानंच घातली.’

एवढंच वाक्य. मग सगळेच म्हणायला लागले. किल्ली हिसकावली. मी पंपाच्या खोलीत शिरून आतून कडी लावली, पावणेदोन तास. मोटारीचा स्टार्टर खांद्याला टोचत होता, दारावर लाथा बसत होत्या आणि बाहेर स्पीकर वाजत होता. माझाच. पिक्चरमध्ये एका लहान पोराला विजेच्या खोलीत कोंडतात तो सीन मी पुढे ढकलून बघितला, खोटं कशाला बोलू.

कोणी घातली ते आजवर कळलं नाही. दोघं अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

पंचवटीतला_आळशी
यात शेवटची नावं सुरुवातीलाच वर सरकतात. आई नेमकी तेव्हा आत आली, म्हणाली, ‘संपला ना? ऊठ, दळण घेऊन ये.’ पुढे कॅमेरा उलटा झाल्यावर मी मोबाईल उलटा धरला, तर स्क्रीनच फिरली. मान अजून आखडलीये.

रात्रपाळी
कॅज्युअल्टीत नर्स आहे. पिक्चर दाखवायचाच तर आधी सांगून ठेवा की यात गरोदर बाईला मारहाण आहे आणि लहान मुलाचे हाल आहेत. ते ऐनवेळी कोणावर आदळू नये. खऱ्या आयुष्यात एलएसडीचा अंमल आठ ते बारा तास राहू शकतो. असं कोणाचं झालं तर त्याला एकटं सोडू नका, गाणी बंद करा आणि दवाखान्यात काय पोटात गेलंय ते खरं सांगा. लोक ‘पाणीपुरी बाधली’ म्हणतात आणि आमचा अर्धा तास जातो.

घुंगरू_ते_हिपहॉप
ठरलं. पहिल्या नाचापर्यंत लावायचा आणि बंद करून हुरड्याला बसायचं. पुढचं ज्याचं त्यानं घरी बघावं. पण काका, तुमचं वाचून आत्ता लक्षात आलं, ग्रुपमध्ये न पिणारी मी एकटीच आहे.

मास्टर_डाऊन
मग गाडीची किल्ली तुझ्याच खिशात. स्पीकरही तुझ्याच मोबाईलला जोड. आणि तिकडे मळ्यात रेंज येते का, ते आधी जाऊन बघ.