‘लघुचित्र’, ‘टाक’ की ‘तसबीर’?

प्रश्न : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, नवअभिजाततावादी (प्राचीन ग्रीक-रोमन कलेचा आदर्श ठेवणाऱ्या) वळणाच्या आणि घरच्या प्रार्थनेसाठी काढलेल्या छोट्या ख्रिस्ती चित्रांना ‘खासगी पूजेची लघुचित्रे’ म्हणता येईल काय?

उत्तर : माझ्या मते म्हणू नये. ‘लघुचित्र’ म्हटले की मराठी वाचकाला राजपूत, पहाडी किंवा दख्खनी शैलीची, कागदावर जलरंगात रंगवलेली, हातात धरून पाहायची चित्रे आठवतात. आकार लहान एवढ्यावरून तो शब्द इकडे लावला तर वाचक भलत्याच परंपरेत जाऊन पडतो. इटालियन चित्रकार पोम्पेओ बातोनी यांनी 1767 च्या सुमारास रंगवलेले येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र पाहावे. रोममधील इल जेसू या चर्चमध्ये असलेले हे लंबगोल तैलचित्र तांब्याच्या पत्र्यावर आहे. डाव्या हातात ज्वाळांनी वेढलेले हृदय धरून ख्रिस्त थेट आपल्याकडे पाहतो. भोवती गर्दी नाही, नाट्य नाही. मूळ चित्र चर्चमधले असले तरी त्याच्या प्रतिकृती आणि छापील आवृत्त्या घरोघर पोहोचल्या. वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत दिसणाऱ्या पवित्र हृदयाच्या कितीतरी चित्रांमागे हीच मांडणी आहे.

प्रश्न : पत्रा तांब्याचा आहे, तर ‘टाक’ कसा वाटतो? आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आहे.

उत्तर : टाकावरचा देव रंगवलेला नसतो, तो पत्र्यावर ठोकून उठवलेला असतो. शिवाय टाक म्हणजे साक्षात देवच. आपण त्याला ताम्हनात ठेवून स्नान घालतो. तसबिरीला कोणी स्नान घालत नाही, फडक्याने काच पुसून तिच्यावर गंध लावतो. हा फरक आपल्या घरात रोज पाळला जातो, आणि इथे तोच उपयोगी पडतो. कॅथलिक उपासक चित्रापुढे प्रार्थना करतो, चित्राची आराधना करत नाही; त्यामुळे ‘पूजा’ हा शब्दही टाळावा, ‘उपासना’ किंवा ‘प्रार्थना’ लिहावे. ‘तसबीर’ मूळची अरबी ‘तस्वीर’, फारसीतून आली. मराठीत तिचा अर्थ आक्रसून चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले, आदराने जपलेले चित्र असा झाला आहे. ‘घरगुती उपासनेची छोटी तसबीर’ असे मी लिहीन, आणि ती तांब्यावरील तैलचित्र आहे हे पहिल्या उल्लेखातच सांगेन, कारण छापील चित्राची सवय झालेल्या वाचकाला ते आपोआप कळणार नाही.