न्यूझीलंडची स्किल्ड रेसिडेन्सी : रायटिंगमध्ये ५.५ बँड आल्यास इंग्रजीची अट पूर्ण होते का?

राजारामपुरीकर

नमस्कार. मी शिवाजी विद्यापीठाचा मेकॅनिकल इंजिनिअर असून शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत सात वर्षे काढल्यानंतर सध्या न्यूझीलंडमधील हॅमिल्टनजवळ डेअरीची यंत्रे तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो. तेथे मला दोन वर्षे सात महिने झाले आहेत आणि स्किल्ड मायग्रंट रेसिडेन्सीचे (कुशल कामगारांना तेथे कायम राहण्याचा परवाना) गुण पूर्ण होण्यास आणखी पाच महिने लागतील. सध्या सहा आठवड्यांच्या रजेवर कोल्हापुरात आलो आहे, त्यातले दोन आठवडे पाहुण्यांकडील जेवणांतच संपले.

कामाच्या व्हिसासाठी मला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली नव्हती, परंतु रेसिडेन्सीला ती द्यावी लागते असे तेथील सहकारी सांगतात. येथील एका एजंटाचे म्हणणे मात्र असे की, पदवीचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचे विद्यापीठाचे पत्र जोडले की काम भागते. त्या पत्राच्या नावाखाली त्याने आगाऊ रक्कमही घेतली आहे.

दुसरी गोष्ट अशी की, एकवीस महिन्यांपूर्वी बहिणीच्या लग्नासाठी आलो होतो तेव्हा पुण्याला जाऊन मी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली होती. मिळालेले बँड, म्हणजे त्या परीक्षेतील गुणश्रेणी, असे: लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५ आणि स्पीकिंग ६. निकालाच्या फॉर्मवर एकूण ६.५ असे छापलेले आहे, पण ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मित्राने प्रत्येक विभागात वेगळा किमान बँड लागतो असे सांगितल्यामुळे मी तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला आणि घरी कोणाला काही बोललो नाही. आता परीक्षा पुन्हा द्यावी काय? पत्नीचे शिक्षण कागलला मराठी माध्यमात झाले आहे; तिलाही ही अट लागू होते का?

पंचगंगाकाठ

आपण नापास झालेला नाही. ऑस्ट्रेलियाचा नियम न्यूझीलंडला लावल्यामुळे हा घोटाळा झाला आहे. स्किल्ड मायग्रंट वर्गातील मुख्य अर्जदाराला आयईएलटीएसमध्ये एकूण ६.५ बँड हवा असतो. प्रत्येक विभागासाठी वेगळी किमान मर्यादा नाही, आणि आयईएलटीएसच्या जनरल किंवा अकॅडेमिक या दोन प्रकारांपैकी कोणतीही परीक्षा चालते. आपल्या चार बँडची बेरीज २५ होते, तिला चारने भागल्यावर ६.२५ येतात आणि आयईएलटीएसच्या पद्धतीप्रमाणे पाव बँड पुढच्या अर्ध्या बँडावर नेला जातो, म्हणून ६.५. हा आकडा उदारपणे दिलेला नाही, तो त्यांच्या नियमानेच आलेला आहे. एखाद्या विभागात अर्धा बँड जरी कमी पडला असता, तर सरासरी ६.१२५ होऊन निकाल ६ वर उतरला असता.

विद्यापीठाच्या पत्राबाबत मात्र एजंटाचे म्हणणे चुकीचे आहे. पदवीच्या आधारे इंग्रजीची परीक्षा माफ होते ती ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन किंवा अमेरिका या देशांतील पदवीला, आणि तीही त्या देशात किमान दोन शैक्षणिक वर्षे राहून शिकलेली असेल तर. आपली सर्व पुस्तके आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत होत्या हे खरे असले, तरी भारतातील पदवीला ती सवलत मिळत नाही. आम्ही वर्गात मास्तरांची इंग्रजी व्याख्या लिहून घेत होतो आणि ती एकमेकांना मराठीत समजावून सांगत होतो, हे आठवले की त्या नियमाचा मला फारसा राग येत नाही.

हिशेबनीस

वरील उत्तर बरोबर आहे, पण त्यात तारखेचा विचार राहून गेला. रेसिडेन्सीचा अर्ज दाखल होतो त्या दिवशी परीक्षेचा निकाल दोन वर्षांपेक्षा जुना असता कामा नये. आपला निकाल एकवीस महिन्यांचा आहे आणि गुण पूर्ण होण्यास पाच महिने बाकी आहेत, म्हणजे तोपर्यंत तो सव्वीस महिन्यांचा होईल. शिवाय आधी एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, म्हणजे अर्ज करण्याची इच्छा कळवणारा फॉर्म, भरावे लागते, नंतर अर्जाचे निमंत्रण येते आणि निमंत्रणापासून अर्ज भरण्यास चार महिने मिळतात. एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट वेळेत भरले म्हणून जुना निकाल चालेल असे समजू नये. तेव्हा पास असूनही परीक्षा पुन्हा द्यावीच लागेल. या रजेत दिलीत तर नवा निकाल पुढची दोन वर्षे चालेल.

सायबर चौकातील शिक्षिका

मी गेली काही वर्षे या परीक्षेची शिकवणी घेते. पुन्हा बसायचेच असेल तर सगळा जोर रायटिंगवर द्यावा, कारण आपले लिसनिंग आणि रीडिंग आपोआप टिकेल. रायटिंगमध्ये साठ मिनिटांत दोन मजकूर लिहायचे असतात: पहिला किमान १५० शब्दांचा आणि दुसरा किमान २५० शब्दांचा, आणि गुणदानात दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. आपल्याकडचे उमेदवार जनरलच्या पहिल्या भागातील पत्रात रमतात, घरमालकाला गळक्या नळाबद्दल अर्धा तास लिहीत बसतात आणि निबंध दोनशे शब्दांवरच थांबतो. वीस आणि चाळीस मिनिटांची विभागणी घड्याळ लावूनच करावी.

दुसरा दोष आपल्या मराठीतून येतो. 'मी २०१८ पासून येथे काम करतो आहे' हे वाक्य मनात जसेच्या तसे उलटवले की 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१८' असे उतरते; तेथे 'आय हॅव बीन वर्किंग' हवे. गेल्या महिन्यात एका फौंड्री सुपरवायझरच्या वहीत हीच चूक एका पानावर चार वेळा सापडली, आणि गंमत अशी की बोलताना तो ती कधीच करत नव्हता. म्हणून लिहून झाल्यावर शेवटची तीन मिनिटे केवळ क्रियापदे तपासण्यासाठी राखून ठेवावीत.

पीटीई अकॅडेमिक ही इंग्रजीची दुसरी परीक्षाही चालते, तिला ५८ गुण लागतात. मात्र त्या परीक्षेत एका खोलीत सगळे एकाच वेळी आपापल्या माइकमध्ये बोलत असतात आणि तपासणी मुख्यतः संगणक करतो. ज्यांना शेजारच्याच्या आवाजाने गडबडायला होते त्यांनी समोर बसलेल्या माणसाशी बोलण्याची आयईएलटीएसच द्यावी, असे माझे मत आहे.

कसबा बावड्याची सून

पत्नीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. होय, जोडीदाराला आणि सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही अट लागू आहे, पण ती सौम्य आहे: आयईएलटीएस एकूण ५. तेवढेही जमले नाही तरी अर्ज अडत नाही. न्यूझीलंडमधील इंग्रजी वर्गांची फी आगाऊ भरण्याची सोय आहे आणि बँड जितका कमी तितकी ती फी जास्त. त्यामुळे ५ मिळवण्याचा प्रयत्न करणे खिशाच्या दृष्टीनेही बरे. मी स्वतः मराठी शाळेतली. स्पीकिंगमध्ये विषयाचे कार्ड हातात दिल्यावर मिळणाऱ्या एका मिनिटात मी कागदावर फक्त पाच शब्द लिहिले होते: आजी, चूल, पाऊस, पन्हाळा, भीती, त्यावरच दोन मिनिटे बोलले आणि एकूण ५.५ मिळाले. वहिनींना घाबरवू नका, एवढेच सांगणे.

एजंटाबद्दल एक गोष्ट: न्यूझीलंडच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे व्हिसाचा सल्ला परवानाधारक सल्लागारालाच किंवा वकिलांसारख्या सूट मिळालेल्या व्यक्तीलाच देता येतो, आणि हा नियम भारतात बसून सल्ला देणाऱ्यालाही लागू आहे. परवानाधारकांची यादी तेथील सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. आपल्या एजंटाचे नाव तीत आहे का, हे आजच पाहावे.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. यादी पाहिली, नाव नाही. आगाऊ रक्कम परत मागितली तेव्हा 'पत्राचा खर्च झाला' असे उत्तर मिळाले आणि पत्र मात्र अजून हातात आलेले नाही. त्याच्यामागे आता किती फिरायचे ते ठरवतो. पुण्यातील परीक्षेची तारीख रजा संपण्याच्या अकरा दिवस आधीची मिळाली असून मी आणि पत्नी दोघांनीही नोंदणी केली आहे. जुना फॉर्म कपाटातून काढून तिला दाखवला, तेव्हा तिने सर्वप्रथम विचारले की एवढे महिने हा कागद माझ्या पैठणीखाली कसा काय होता.

शिक्षिकाबाई, दुसऱ्या मजकुराचा सराव आज सुरू केला. चाळीस मिनिटांत दोनशे बारा शब्द झाले, 'सिन्स' दोनदा चुकले. उद्याचा निबंध येथे टाकला तर आपण पाहाल का?

सायबर चौकातील शिक्षिका

जरूर टाका. मात्र हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो काढून टाका, खाडाखोडीसह. सुरुवातीला आणि शेवटी किती वाजले होते, तेही वर लिहा.